हैबतरावाचं नाव

कासार आंबोली, ता. मुळशी
१४ जुलै २००१

प्रिय योना,

सलाम. तुझा पत्ता वसंतमामाकडून मिळवला. त्याच्यावर रागावू नकोस, मीच त्याच्या दारात जाऊन बसले होते. वापीला कारखान्यात काम लागलं, खोली मिळाली, एवढं त्यानं सांगितलं. "नलू, सध्या त्याला लिहू नकोस," असंही म्हणाला. तरी लिहितेय.

मी बरी आहे. शाळेच्या गणवेशांचं शिवण भरपूर आलंय. छप्पर एका कोपऱ्यात गळतं, तिथं पातेलं ठेवलंय.

वाट अजून बंदच आहे. हैबतरावानं वाटेवरच्या कुंपणाला तारेचा तिसरा पदर चढवला. पिरंगुटची बस पकडायची तर ओढ्याच्या काठानं जावं लागतं आणि आता तिथं गुडघाभर पाणी आहे. त्याची जमीन घेणाऱ्या बंगलेवाल्या पार्टीला सगळा तुकडा सलग हवाय आणि मधे आपलं घर. बाबा विकायला नाही म्हणाले तो नकार अजून माझ्या तोंडी आहे, म्हणून कुंपणही आहे.

तो दिवस डोळ्यांपुढून जात नाही. बाबा सकाळी झाडांना पाणी घालता घालता छातीला हात लावून खाली बसले. तू धावत जाऊन भिकूची जीप आणलीस. ती कुंपणाशी अडली. तू हाका मारल्यास, "आबा, फाटक उघडा, बाबांना न्यायचंय." आणि तो ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "कोर्टाचा हुकूम आण." याच माणसाला आपण आबा म्हणायचो. आपण इथं राहायला आलो तेव्हा त्यानं ताक पाठवलं होतं. खाटेवर घालून बाबांना ओढ्याकाठानं नेलं आणि डांबरी रस्ता लागायच्या आत ते गेले.

मातीहून परतल्यावर तू बाबांचा मोठा पाना उचललास आणि मी दारात आडवी झाले. तू म्हणालास, "आई, तू त्याच्या बाजूची आहेस." योना, मी तुझ्या बाजूची होते म्हणूनच आडवी झाले. बाबा गेले होते, मला तुला तुरुंगात पाठवायचं नव्हतं. त्याच्याविषयी म्हणशील तर माझ्याही मनात तेच होतं जे तुझ्या हातात होतं.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी आई


२ डिसेंबर २००१

प्रिय योना,

तुझं कार्ड मिळालं. "बरा आहे. तो मेला की कळव." एवढंच लिहिलंस, तरी अक्षर तुझं होतं. ते मी मशीनवर उभं करून ठेवलंय.

तो जिवंत आहे. आणि मी त्याच्यासाठी प्रार्थना करायला लागलेय. पत्र फाडू नकोस, पुढं वाच.

पाळकसाहेबांनी एका रविवारी तोच विषय घेतला, छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा म्हणून. मी अर्ध्या उपासनेतून उठून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी ते पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यातून घरी आले. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला बोलायला काय जातं?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "नलिनीताई, शमुवेलभाऊंच्या खाटेला माझाही खांदा होता. मला तो माणूस आजही आवडत नाही. आवडून घ्या असं प्रभूनं सांगितलेलंच नाही. प्रार्थना करा म्हणालाय."

मी कप उचलून आत नेला. पण माझी गत काय झाली होती ते तुला सांगते. भाकरी थापताना मी हैबतरावाशी भांडायचे. शिवताना त्याला बोल लावायचे. जेवायला बसले की तो ताटासमोर. बाबांची आठवण काढायला गेले तरी मधे तोच येऊन बसायचा. एका संध्याकाळी मनात आलं, हा माणूस दिवसभर माझ्याच घरात बसलेला असतो. बसलाच आहे तर याला उचलून देवापुढं न्यावं.

गुडघे टेकले आणि म्हटलं, "प्रभू, हैबतराव." पुढं शब्द फुटेना. तशीच उठले. कितीतरी दिवस नुसतं नावच चाललं. ते घेताना तोंड कडू व्हायचं.

मग अडचण आली ती अशी, की याच्यासाठी मागायचं काय? ते कळायला त्याच्याकडं बघावं लागलं. बाबा गेल्यापासून मी त्या घराकडं मान वळवली नव्हती. आता बघितलं तर तो डावा पाय ओढत चालतो, उतारावर बांधाला धरतो. त्याच्या घरच्या गोजराबाई वाळल्यात. अपेक्षा, त्यांची लेक, सासरहून परत आलीये. पोटातलं मूल गेलं आणि तेव्हापासून ती कुणाशी बोलत नाही. परसात तोंड भिंतीकडं करून बसते. मग मागणं सुचायला लागलं. त्याचा गुडघा. गोजराबाईंची भूक. त्या पोरीचं तोंड उघडू दे.

माया वगैरे अजिबात नव्हती, योना. बाजारातून सामान आणावं तसं मी मागत होते.

पण गेल्या आठवड्यात भाकरी थापताना माझ्या ध्यानात आलं की मी गुणगुणतेय. बाबांच्या आवडीचं उपासनेतलं गायन. आणि घरात दुसरं कुणी नाही. कितीतरी महिन्यांनी मी माझ्या घरात एकटी होते आणि बाबा मला हवे तसे आठवत होते.

त्याचं काही बदललं नाही. कुंपण तसंच आहे. मी तुला माझं सांगतेय.

नाताळला येशील का? पुरणाच्या करंज्या करणार आहे.

तुझी आई


२३ मार्च २००३

प्रिय योना,

एवढ्या दिवसांत तू तीनदा लिहिलंस आणि तिन्ही वेळा तेच विचारलंस, "तुझ्या देवानं काय केलं?" आज मलाही त्याला तेच विचारायचंय.

मंगळवारी डोंगराला वणवा लागला. गवत वाळून कडकडीत झालेलं, वारा आमच्या बाजूचा. गाव सगळं पौडला लग्नाला गेलेलं. मी कपडे वाळत घालत होते तर हैबतरावाच्या गोठ्यामागं धूर दिसला. मागची पेंढ्यांची गंजी पेटली होती आणि आत जनावरं दाव्याला होती.

खरं सांगू? मी थोडा वेळ उभी राहिले. मनात आलं, जळू दे. पण रोज ज्याच्या दारासाठी मागत आले त्याचं दार पेटलं होतं. पाय आपोआप निघाले.

तारेखालून सरपटत गेले, पाठ ओरबाडली. गोजराबाई घरातून बाहेर आल्या आणि दारातच बसल्या, त्यांना काही सुधरेना. मी ओरडले, "वैनी, कोयता द्या." कोयता घेऊन अपेक्षा आली. दोघींनी दावी तोडली. म्हशी बुजल्या होत्या, एकीनं मला भिंतीला दाबलं. सगळ्या बाहेर निघाल्या तेव्हा गोठ्याच्या छतानं पेट घेतला होता. लुगड्याचा काठ जळला, उजव्या हाताला फोड आलेत, म्हणून अक्षर असं.

संध्याकाळी गाव परतलं. हैबतराव राखेपाशी उभा राहिला आणि चारचौघांत म्हणाला, "आग हिनंच लावली आसंल. न्हाईतर ही माझ्या गोठ्यात आलीच कशाला?"

गोजराबाई म्हणाल्या, "आवं, तिनं म्हशी सोडल्या."

"तू गप."

मी घरी आले आणि त्या दिवशी प्रार्थना केली नाही. काल केली. देवाशी भांडले आधी, मग नाव घेतलं. कडू लागलं, अगदी पहिल्यासारखं. पण घेतलं.

तू लिहिलंस की मित्रांना घेऊन येतोस आणि त्याचे पाय मोडतोस. तसा येऊ नकोस. त्याचा एक पाय मी रोज देवाकडं मागतेय.

तुझी आई


१३ एप्रिल २००३

प्रिय योना,

लगोलग दुसरं पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे काय, तू वाच.

आगीनंतर गावात कुजबुज सुरू झाली. सारजाबाई माझ्याकडं पोलकी शिवायला येते, तिनं सांगितलं, "नलूताई, लोक म्हनत्यात तू रोज सांजचं आबाचं नाव घेतीस. करणी करतीस म्हनं. म्हनून त्येंची पोर गप झाली, म्हनून गोठा जळला." तारेपलीकडून कुणीतरी ऐकलं असणार. मी काही लपून प्रार्थना करत नाही.

परवा दिवस मावळायच्या सुमाराला मी दिवा लावत होते. अंगणात आवाज आला, "बाहेर ये."

हैबतराव. हातात काठी, मागं गोजराबाई पदर तोंडाला लावून. स्वतःचं फाटक उघडून तो त्या वाटेनं आला होता. बाबा गेल्यावर त्या वाटेनं आलेला पहिला माणूस तोच.

"माझं नाव घेती तू?"

"घेते."

"कशाला? काय वाकडं करायचंय माझं? लेकीकडं बगून तरी थांब."

योना, त्याच्या आवाजात राग होता, पण तो अंगणाच्या कडेलाच थांबला होता, पुढं यायला धजत नव्हता. तो भ्यालेला होता. मला मारायला आलेला माणूस मला भीत होता. मी म्हटलं, "आबा, जे बोलते ते तुमच्या तोंडावर बोलते. ऐकायचं असेल तर थांबा."

"थांबलोय. बोल."

मी अंगणातच गुडघे टेकले. डोळे मिटले. भीती मलाही होती, काठी त्याच्याच हातात होती. रोज म्हणते तसंच म्हटलं. "प्रभू, हैबतराव. त्यांच्या गुडघ्याला आराम दे. गोजराबाईंना अन्न गोड लागू दे. अपेक्षाचं मूल गेलं, ते दुःख तू उचल. तिला पुन्हा बोलती कर, हसती कर. तिच्या बापाला ते बघायला दे." मग थांबावं की पुढं बोलावं कळेना. पण देवापुढं अर्धं बोलून उठता येत नाही. "प्रभू, यांनी वाट अडवली आणि माझा शमुवेल गेला. तुला ठाऊक आहे. मी यांना तुझ्या हाती दिलंय. माझ्या मनातलं विष काढ आणि यांच्या दारात तुझी शांती येऊ दे. येशूच्या नावानं मागते. आमेन."

डोळे उघडले. हैबतराव खाली बघत होता.

"हे रोज म्हनती?"

"रोज."

"कवापासनं?"

"तुमच्या कुंपणाचा तिसरा पदर लागला त्या सालापासून."

तो वळला. फाटकापर्यंत गेला. मग फाटक लावून घेतलं. गोजराबाईंनी मात्र माझा भाजलेला हात हातात धरला. "आमच्या लेकीचं नाव गावात कुणी काडत न्हाई, बाई," म्हणाल्या. "जशी मेलीच हाय."

काल दुपारी अपेक्षा तारेखालून आली. काही बोलली नाही. शिवणापाशी बसून गणवेशांना बटणं लावत राहिली. जाताना म्हणाली, "उद्या येऊ?"

दोन शब्द, योना. मी तिच्यासमोर रडले नाही. गेल्यावर रडले.

तुझी आई


९ फेब्रुवारी २००४

माझ्या योना,

बस खाली आणि वाच.

आपला वाटेचा दावा पौडच्या तहसिलीत होता, तुला माहीत आहे. आज तहसीलदारसाहेब जागेवर पाहणीला आले. साहेब, त्यांचा कारकून, हैबतरावाचा वकील, पाळकसाहेब आणि अर्धं गाव. पूर्वीची वाट पाहिलेल्या गेणबांची साक्ष होती. म्हातारे माझ्याकडं न बघता कडेला उभे होते, हैबतरावाच्या शेजारी जमीन आहे त्यांची. मी समजून घेतलं. मनात म्हटलं, आजही वाट मिळाली नाही तर ओढ्यानं जाईन, पण या माणसाचं नाव सोडणार नाही.

साहेबांनी हैबतरावालाच विचारलं, "इथून पूर्वी वहिवाटीची वाट होती का?"

वकील पुढं झाला. "साहेब, आमच्या अशिलाचं म्हणणं लेखी दिलेलं आहे..."

"थांबा वकीलसाहेब," हैबतराव म्हणाला. "मला इचारलंय."

कारकुनानं पेन उघडलं.

"वाट व्हती. माझ्या बापाच्या आदीपासनं व्हती. मी बंद केली."

वकिलानं त्याचा दंड धरला. त्यानं हात सोडवून घेतला. "लिवून घ्या साहेब. शमुवेल फिटर ह्या हितं खाटंवर पडला व्हता. त्येचं पोरगं मला आबा आबा म्हनून हाका मारत व्हतं. किल्ली माझ्या खिशात व्हती. मी उटलो न्हाई."

योना, कारकून लिहायचा थांबला होता.

"ही बाई माझ्यावर येईल, पोलीस आनंल, शाप दील, म्हनून मी सावध बसलो व्हतो. त्याला माझ्याकडं काठी व्हती. हिनं माझ्या लेकीसाटी देवापुडं गुडघं टेकलं. त्याला माझ्याकडं कायबी न्हवतं." मग माझ्याकडं वळला. "नलूबाई, तुला काय बोलायचं त्ये बोल. समद्यांसमोर बोल."

मी काय बोलणार? एवढी वर्षं भाकऱ्या थापताना तयार केलेलं एकही वाक्य आठवेना. मी म्हटलं, "आबा, मी तुम्हाला क्षमा केली आहे. माझा माणूस तुमच्यामुळं गेला, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे."

"व्हय," तो म्हणाला. "दोनी खरं."

हुकूम व्हायची त्यानं वाट बघितली नाही. पहार मागवली आणि स्वतः खांब उपटायला लागला. गुडघा साथ देईना तसा खाली बसून माती उकरू लागला. गेणबा पुढं आले, मग भिकू, मग पोरं. पाळकसाहेबांनी बाह्या सारल्या. तार गुंडाळून बांधावर टाकली. अपेक्षा मोठ्यानं ओरडली, "बाबा, हात कापंल, फडकं घ्या." गोजराबाई पळतच फडकं आणायला गेल्या. त्या पोरीचा तेवढा मोठा आवाज कितीक दिवसांत कुणी ऐकला नव्हता.

मग भर उन्हात मी त्या वाटेनं चालत गेले. एकटी नाही. सारजाबाईनं एक हात धरला होता, गोजराबाईंनी दुसरा. डांबरी रस्त्यापर्यंत गेलो. मी गायन म्हणत होते आणि मला लाज वाटली नाही. रस्त्यावर पोचल्यावर समजलं की चालायला किती थोडं अंतर आहे. तिथं मी बाबांसाठी रडले. ते रडणं स्वच्छ होतं.

योना, आपण जिंकलो. दावा म्हणून म्हणत नाही. त्या माणसानं मला त्याच्यासारखं करून टाकलं असतं. तसं झालं नाही. उलटं झालं.

आता तुला यायला वाट आहे. पुनरुत्थानाच्या सणाला ये.

तुझी आई


६ जून २००४

प्रिय योना,

तू गेल्यावर घर मोठं वाटतंय.

सणाच्या पहाटेची उपासना आपल्या अंगणात झाली, तू गायनाला आवाज दिलास, ते अजून कानात आहे. तुझा आवाज बाबांसारखा झालाय, हे तुला कुणी सांगितलं का? पण मला सारखं आठवतं ते आदल्या दिवसाचं, तू आलास तेव्हाचं.

भिकूच्या जीपमधून उतरलास ते मी खिडकीतून बघितलं. हैबतराव बांधावर बसले होते. तुला बघून उठले. टोपी काढली. तू त्यांच्यासमोर उभा राहिलास आणि तुझ्या मुठी मला इथून दिसत होत्या. ते काहीतरी बोलले. मी चप्पल घातली, दारापर्यंत आले आणि थांबले. या वेळी आडवं यायचं नाही असं ठरवलं. प्रार्थना मात्र केली, दोघांचीही नावं घेऊन.

तू बराच वेळ हललाच नाहीस. मग बांधावर बसलास. ते शेजारी बसले. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथंच. काय बोललात ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. घरात आलास तेव्हा तुझे डोळे लाल होते आणि तू म्हणालास, "आई, भूक लागलीये. खूप." तू पोटभर जेवलास आणि ताटावरून उठलास तेव्हा तुझा चेहरा लहानपणीसारखा होता.

आबा काल आले होते. त्या बंगलेवाल्या पार्टीला त्यांनी साफ नाही सांगितलं. अपेक्षानं स्वतःचं मशीन घेतलंय. पिरंगुटला दुकान टाकायचं म्हणते. मी त्यांना म्हटलं, "आबा, तुम्ही उपासनेला येत नाही, तुमचा देव तुमच्यापाशी, मी काही बोलत नाही. पण तुमचं नाव मी घेणार."

ते म्हणाले, "घे. सोडू नगं."

आता तुझ्या पत्राचं. तुमच्या खात्यातला तो फोरमन, जो तुझं काम मुद्दाम नापास करतो आणि चारचौघांत अपमान करतो, त्याच्यासाठी मी प्रार्थना करावी असं तू लिहिलंस. वाचून मी खुर्चीवर बसून हसले. ज्या मुलानं "तो मेला की कळव" असं लिहिलं होतं तोच आता हे मागतोय.

करेन. पण एकटी करणार नाही. मी त्याला बघितलेलं नाही, योना, तू रोज बघतोस. तो डबा कुणाबरोबर खातो, की एकटाच खातो? घरी कोण असतं त्याच्या? कुणी आजारी आहे का? रागानं का होईना, बघ. तुला दिसेल. मग मला सांग.

आणि त्याचं नाव लिहायचं विसरलास. ते आधी कळव.

तुझी आई